बस्त्याचा फोटो

गेल्या महिन्यात माझा वाढदिवस झाला. सकाळी बरोबर सात वाजता मोबाइल वाजला. ‘प्रिय शैलाताई, आज तुमचा दिवस! तुम्ही आमच्या गिऱ्हाईक नाही, घरच्याच आहात. घरच्या माणसाचा वाढदिवस आम्ही कसा विसरू?’ खाली गुलाबाचा गुच्छ. गुच्छाखाली, पंधरा दिवसांत दुकानात आलात तर साडीवर दहा टक्के सूट.

हा मेसेज पाठवणाऱ्या सांगलीच्या कापड दुकानात मी सव्वीस वर्षं नोकरी केली. आणि मेसेज माझाच. शब्दन् शब्द मी लिहिलेला. ‘घरच्याच आहात’ या वाक्यावर धाकट्या मालकांनी मला सगळ्यांसमोर शाबासकी दिली होती. दिवसभर वाट बघितली, पण दुकानातल्या एकाही जित्या माणसाचा फोन आला नाही. मशिननं मात्र आठवण ठेवली.

मला हसू यायला पाहिजे होतं, पण संताप आला. या अंकाच्या संपादकबाई दोन वर्षं मागे लागल्यात, ‘ताई, साडीच्या दुकानातल्या गमतीजमती लिहा.’ म्हटलं, घ्या लिहून. गमती थोड्याच आहेत, बाकीचंही ऐकून घ्यावं लागेल.

लांबच्या वाचकांसाठी आधी बस्ता म्हणजे काय ते सांगते. आमच्या सातारा-सांगलीकडं लग्न ठरलं की दोन्हीकडची माणसं जीपा भरून दुकानात येतात. नवरीचा शालू, हळदीची साडी, मानपानाच्या साड्या, पाहुण्यांचे टॉवेल-टोप्या, सगळं एका बैठकीत. घेऊन झालं की कापडाचं गाठोडं बांधायचं, त्यावर हळदीकुंकू वाहायचं आणि नवरानवरीनं गाठोड्याला हात लावायचा. साखरपुडा मोडला तर लोक एकवेळ गिळून टाकतात. बस्ता बांधला की लग्न झाल्यातच जमा. त्यानंतर मोडलं, तर खोट कुणाचीही असो, नाव पोरीचं जातं. ही आमच्याकडची रीत आहे, आणि मला ती कधीच पटली नाही.

मी अठरा वर्षं काउंटरवर होते. नवरी तोंडानं काही बोलत नाही, पण बाजूला ठेवलेल्या साडीकडं ती दुसऱ्यांदा बघते. ती साडी ओळखायची आणि तीच नवऱ्या मुलाच्या आईपुढं पहिल्यांदा उलगडायची, म्हणजे सासूला वाटतं आपणच पसंत केली. नवरीची आत्या हे सगळ्यात अवघड प्रकरण. तिला आधी चहा द्यायचा.

आणखी एक नियम थोरल्या मालकांनी पहिल्याच दिवशी सांगितला होता. ओळखीची बाई वर्षा-दोन वर्षांनी दुकानात आली, तर ‘काय वहिनी, साहेब कसे आहेत?’ म्हणून तोंड उघडायचं नाही. आधी कपाळाकडं बघायचं, गळ्याकडं बघायचं, बरोबर कोण आहे ते बघायचं, मग बोलायचं. एवढ्या वर्षांत माझ्याकडून एकदाही चूक झाली नाही. हा गर्व म्हणा हवं तर.

मग गुडघे गेले. थोरले मालक घरी बसले आणि धाकटे गादीवर, म्हणजे काचेच्या केबिनमध्ये आले. ते पुण्याहून मार्केटिंग शिकून आलेले. मला म्हणाले, “शैलाताई, तुमची भाषा गोड आहे. तुम्ही ऑनलाइनचं टेबल सांभाळा.” एक कॉम्प्युटर, दोन मोबाइल आणि फिरती खुर्ची. मलाही बढती मिळाल्यासारखं वाटलं, खोटं कशाला बोलू.

हा धंदा कसा चालतो ते सांगते. दुकानात लकी ड्रॉची पेटी असते. पहिलं बक्षीस पैठणी. कूपनावर नाव, नंबर, ईमेल, वाढदिवस, लग्नाची तारीख. आजींना कुठला ईमेल? मग त्या पुण्यातल्या लेकाचा, पलटणीतल्या नातवाचा देतात. पैठणी एकीलाच मिळते, पण पत्ते सगळ्यांचे आमच्याकडं येतात. त्यांच्या याद्या करायच्या: वाढदिवसाची वेगळी, लग्नाच्या वाढदिवसाची वेगळी, सणाची वेगळी. प्रत्येक यादीचा मजकूर एकदाच लिहून ठेवायचा, तारीख आली की मशिन आपोआप पाठवतं. ईमेल कुणी उघडला, कुणी न वाचता पुसला, कुठल्या चित्रावर बोट ठेवलं, सगळं आम्हाला दिसतं. पहिल्या पहिल्यांदा कुणाच्या खिडकीतून डोकावल्यासारखं वाटायचं. मग सवय झाली.

एकदा निम्म्या लोकांना ‘ग्राहकहो’ लिहून पाठवलं आणि निम्म्यांना ‘ताई’. ‘ताई’ला जास्त लोक भुलले. झालं, त्या दिवसापासून यादीतलं प्रत्येक माणूस ताई. कोरेगावच्या एका रिटायर सुभेदारांचा फोन आला, “बाई, मी तीस वर्षं फौजेत काढली. तिथं मला कुणी ताई म्हणायची छाती केली न्हाई. तुमी कोन?” मी माफी मागितली आणि फोन ठेवून पोट धरून हसले. एवढी एक गंमत मनापासून सांगण्यासारखी.

पुढचं ऐका. जाहिरातीचं काम पुण्याच्या एका एजन्सीकडंही होतं. त्यांनी शिकवलं की ईमेलच्या विषयाच्या ओळीनं माणसाच्या पोटात कालवाकालव झाली पाहिजे, तरच तो उघडतो. मग मी ओळ काढली, ‘तुमची एक वस्तू आमच्याकडे राहिली आहे.’ आत काय, तर तुमच्या आवडीच्या रंगाची साडी तुमची वाट बघतेय.

चौथ्या दिवशी साताऱ्याकडच्या औंधहून एक आजी आल्या. दोन एसट्या बदलून, विट्याला तासभर ताटकळून. लेक फौजेत, लांब उत्तरेत. ईमेल त्याला गेलेला. त्यानं तिथून आईला फोन केला, ‘आये, सांगलीच्या दुकानात तुझं कायतरी राहिलंय.’

“काय राहिलंय वं माझं?” आजी पदरानं तोंड पुसत म्हणाल्या. “मी समदं घर हुडाकलं. छत्री हाय, पिशवी हाय, चष्मा बी हाय.”

“आजी, काही नाही राहिलं. चुकून गेला तो मेसेज.”

“चुकून कसा? माझ्या ल्येकाचं नाव घालून आलाय की.”

काय सांगू त्यांना? मेली ती लाज. मी पाणी दिलं, आणि एक ब्लाउजपीस काढून पुढं केला, म्हटलं हेच राहिलं होतं. आजींनी ते हातात धरून उलटंपालटं केलं आणि काउंटरवर परत ठेवलं. “ह्यो रंग माझा न्हाई. माझं न्हाई ते मी कसं न्यावं?” म्हणाल्या आणि एसटी स्टँडचा रस्ता धरला.

केबिनमधून धाकटे मालक हसत बाहेर आले. “शैलाताई, काय ओळ काढलीत! बाई औंधवरून आली!” पुढच्या रविवारी तीच ओळ सगळ्या याद्यांना गेली. मी पाठवली. त्याच दिवशी खुर्ची सोडायला पाहिजे होती, पण दर महिन्याचा पगार आणि गुडघे दोन्ही मला बसवून ठेवत होते.

आता अश्विनीचं सांगते. हे सगळं लिहायला बसले ते तिच्यासाठीच.

अश्विनी रहिमतपूरची. रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला, बापाची एकुलती एक. तिचा बस्ता आमच्याकडं झाला. गाठोडं बांधून झाल्यावर आत्याबाईंची एक चप्पल सापडेना. सगळं दुकान चप्पल शोधतंय आणि चप्पल निघाली गाठोड्याखाली. अश्विनी तोंड भरून हसली, हात गाठोड्यावर, शेजारी नवरा मुलगा. नेमका तेव्हा मी फोटो काढला. दुकानाच्या इंटरनेटवरच्या पानावर टाकला आणि खाली लिहिलं, ‘रहिमतपूरच्या अश्विनीचा बस्ता आमच्याकडे! तुमचा कधी?’ लोकांनी तो इतका उचलून धरला की एजन्सीनं मागून घेतला.

महिन्याभरात लग्न मोडलं. मोडलं म्हणजे तिनं मोडलं. मुलगा पुण्यात कायम नोकरीला म्हणून सांगितलेलं, आणि तो वर्षभर घरी बसून होता. मला म्हणाली, “नोकरी न्हाई याचं मला कायबी वाटलं नसतं ताई. पण चार महिने रोज फोनवर हापिसातल्या गोष्टी रचून सांगत हुता.” बाप पोरीच्या मागं उभा राहिला. बस्त्याचं कापड घरात पडून, गावात कुजबुज, तरी उभा राहिला. असे बाप मी फार बघितलेले नाहीत.

तिनं फोन केला, “ताई, तेवढा फोटो पानावरनं काढा की.” मी म्हटलं, “हा बघ, फोन चालू असतानाच काढते.” आणि काढला. मला वाटलं, विषय संपला.

पण फोटो एका जागी राहिलेला नव्हता. एजन्सीनं त्याची जाहिरात केली होती. ही जाहिरात चौकातल्या फलकासारखी नसते, की जो येईल जाईल तो बघेल. कुणाला दाखवायची ते आपण सांगायचं: कुठला तालुका, किती वय, कुणाच्या घरात सध्या लग्नाचं बघणं चाललंय. मग ती बरोबर त्याच मोबाइलमध्ये जाऊन बसते. अश्विनीचं हसू, त्यावर सनई, आणि खाली ‘तुमचा बस्ता कधी?’ कोरेगाव आणि खटाव हे दोन तालुके मीच निवडून दिले होते. म्हणजे तिचं गाव, आणि तिला स्थळं येणार ती गावं.

मी धाकट्या मालकांकडं गेले. ते म्हणाले, “ताई, ती आपली सगळ्यात चाललेली जाहिरात आहे. सीझन संपू दे, मग बघू.”

“अहो, मुलीचं लग्न मोडलंय.”

“मग? फोटोत तर हसतेय ना.”

चेष्टा नव्हती ती. त्यांना खरंच काही कळत नव्हतं. वर म्हणाले, “आणि कूपनवर तिची सही आहे.” होती सही. कूपनाच्या मागं मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात, ‘दुकानात काढलेली छायाचित्रे प्रसिद्धीसाठी वापरण्यास माझी संमती आहे.’ ती ओळ कुणी लिहिली होती? या शैलाताईनंच.

एजन्सीला ईमेल केला. उत्तर आलं, ‘आपली विनंती मिळाली. आपण आमच्यासाठी महत्त्वाचे आहात.’ दुसरा केला. तेच उत्तर. तिसरा केला, पुन्हा तेच. आयुष्यभर लोकांना गोड गोड लिहिलं, आता माझ्याच पानात पडलं.

तेवढ्यात तिला स्थळ आलं, औंधच्या बाजूचं. बापानं काही लपवलं नव्हतं, आधीचं मोडलंय हे स्वच्छ सांगितलं होतं. त्यांची तयारी होती, रविवारी बघायला येणार होते. गुरुवारी त्या मुलाच्या बहिणीच्या मोबाइलमध्ये अश्विनी हसत गाठोड्यावर हात ठेवून उभी. जाहिरातीवर तारीख नसते, बघणाऱ्याला ती आजचीच वाटते. मध्यस्थाचा फोन आला, “पोरगी दोनीकडं बोलनी करतीया व्हय?” बापानं शपथा घातल्या, फोटो जुना आहे म्हणून. ते म्हणाले, “जुना असंल तर दुकान आज कसा दाखवतंय? रविवारच्या आत बंद करून दाखवा, मग येतो.”

मग अश्विनीचा फोन आला. “ताई, मला लग्नाची घाई न्हाई. पण अप्पा कालपासनं जेवल्यालं न्हाईत. मी खोटी न्हाई एवढं तरी दिसू दे की लोकास्नी.”

मी शुक्रवारी पुन्हा केबिनमध्ये गेले. “ताई, तुम्ही इमोशनल होताय,” म्हणाले मालक. “एजन्सीची प्रोसेस असते. आठवडा लागतो.”

शनिवारी दुपारी दुकान भरलेलं. गादीवर दोन बस्ते चाललेले, शालूंचा ढीग पडलेला. दारातून अश्विनी आली, मागं आत्याबाई. काउंटरपाशी येऊन तिनं मोबाइल उंच धरला. आवाज चढवला नाही, पण दुकानातल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं बोलली.

“ह्यो फोटो माझा हाय. ह्ये लगीन मोडलंय, मी मोडलंय. तुमी माझा मोडलेला बस्ता दाखवून साड्या इकताय. बंद करा.”

गादीवरची एक नवरी मुलगी हातातला पदर सोडून तिच्याकडं बघायला लागली. तिच्या आईनं मला विचारलं, “आवं ताई, आमच्या पोरीचा बी फोटो असाच लावनार व्हय?” आणि चप्पल पायात घालायला लागली.

मग काय विचारता! मालक केबिनमधून पळत बाहेर. एजन्सीला फोन लावला, “आत्ताच्या आत्ता बंद करा.” दोन मिनिटांत जाहिरात बंद. दोन मिनिटं! दीड महिना ज्याला सीझन आडवा येत होता, प्रोसेस आडवी येत होती, ते काम एका बोटाचं होतं. गिऱ्हाईक उठून जाईल म्हटल्यावर झालं. पोरीची अब्रू जाईल म्हटल्यावर झालं नव्हतं. हे मी मरेपर्यंत विसरणार नाही.

“बसा ताई, सरबत घ्या,” मालक म्हणाले.

“सरबत नगं,” आत्याबाई म्हणाल्या. “लिवून द्या.”

मालक म्हणाले, लिहून देण्याआधी वकिलांना विचारावं लागेल. मी दुकानाच्या छापील कागदाचा एक ताव ओढला आणि हातानं लिहिलं, की हा फोटो दोन-अडीच महिन्यांपूर्वीचा आहे, मुलीनं काढून टाकायला सांगूनही दुकानानं तो दाखवत ठेवला, चूक दुकानाची आहे, मुलीचा यात काडीचा दोष नाही. खाली माझी सही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच दुकानाच्या नावानं मी खरं लिहिलं होतं.

कागद घेऊन त्या गेल्या. रविवारी मी देवापुढं दिवा लावून बसले. संध्याकाळी फोन केला. पाहुणे आलेच नाहीत. जाहिरात बंद झाल्याचं त्यांना पटलं होतं, कागदाचा फोटोही पोचला होता. पण शनिवारी दुकानात काय झालं तेही पोचलं होतं. निरोप होता, ‘पोरगी लय तोंडाळ दिसतीया. भर दुकानात भांडती.’

आता तुम्हीच सांगा. गप्प बसली असती तर खोटी ठरली असती. बोलली तर तोंडाळ. मग पोरीनं करायचं तरी काय? मी फोनवरच रडले. उलट तिनंच माझी समजूत काढली, “असू द्या ताई. असली माणसं घरी आली असती तर मलाच जड गेलं असतं.”

इथं गोष्ट थांबली असती तरी मी स्वतःला थोडंफार माफ केलं असतं. पण पुढच्या वर्षी एका सकाळी अश्विनीनं मला एक मेसेज पुढं पाठवला. ‘प्रिय अश्विनीताई, लग्नाच्या पहिल्या वाढदिवसाच्या मनःपूर्वक शुभेच्छा! तुमच्या संसाराच्या पहिल्या गाठीला आमचा हात लागला, हे आमचं भाग्य.’ खाली तिनं लिहिलं होतं, ‘ताई, हे पण तुम्हीच लिहिलंय का?’

कूपनावरची लग्नाची तारीख. मी फोटोच्या मागं धावत राहिले आणि तारीख यादीत तशीच राहून गेली. न झालेल्या लग्नाचा वाढदिवस मशिननं बरोबर सात वाजता साजरा केला. काउंटरवर मी कपाळ बघितल्याशिवाय कधी तोंड उघडलं नाही, आणि इथं माझेच शब्द डोळे मिटून तिच्या घरात शिरले होते.

मशिननं पाठवलं असं लिहिता आलं असतं. मी लिहिलं, ‘हो. मीच लिहिलंय. चुकलं माझं.’ तिनं उत्तर दिलं, ‘बरं.’

त्याच दिवशी मी नोकरी सोडत असल्याचं मालकांना सांगितलं. महिन्याचे उरलेले तीन दिवस मी एकच काम केलं. अश्विनीचा नंबर एकेका यादीतून काढला. लकी ड्रॉ, वाढदिवस, लग्न, सणवार, शिवाय एजन्सीकडं गेलेली प्रत. एजन्सीला या वेळी ईमेल केला नाही, एसटीनं पुण्याला गेले आणि त्यांच्या पोराच्या खुर्चीमागं उभी राहून डोळ्यांदेखत पुसायला लावलं. मालकांनी विचारलं, एका गिऱ्हाइकासाठी एवढं? मी पुढची यादी उघडली. त्या गडबडीत, मेसेज तपासायला म्हणून यादीत घातलेला माझा स्वतःचा नंबर काढायचा राहिला. म्हणून गेल्या महिन्यातल्या त्या शुभेच्छा.

त्या शुभेच्छा वाचल्यावर मनात आलं, माझा राहिला, तसा तिचाही कुठं राहिला असेल तर? दुपारी न राहवून फोन लावला. अश्विनी आता साताऱ्याला मोठ्या लॅबमध्ये आहे, मागं बाटल्यांचा किणकिणाट चाललेला.

“अश्विनी, तुला दुकानाचं काही येतं का गं अजून? दिवाळीचं, वाढदिवसाचं, काहीही?”

“न्हाई ताई. तवापासनं कायबी न्हाई आलं.”

“नक्की?”

“व्हय की. एकबी न्हाई.”

फोन ठेवला आणि खूप दिवसांनी पोटभर जेवले.